पश्चिमेची रेघ

मी माशांवर काम करते हे आमच्या घरात कुणी मोठ्यानं म्हणत नाही. पाहुणे आले की आई सांगते, "ती गणितात हाय." त्यात खोटं काहीच नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणते, "समुद्राचं गणित," आणि लगेच पोह्यांवर लिंबू पिळायला उठते. आम्ही जैन. माझं सगळं लहानपण कबनूरला गेलं. खाली यंत्रमाग, वर राहायचं घर आणि पलीकडच्या गल्लीत बस्ती, म्हणजे आमचं मंदिर. दिवस मावळायच्या आत जेवायचं, पाणी गाळून प्यायचं, आणि बटाटा घरात आलाच तर चोरासारखा पिशवीच्या तळाशी लपून यायचा. अशा घरातली मुलगी उठून समुद्रातले मासे किती पकडले तर चालतील याचं गणित मांडते, हे सांगायचं तरी कुठल्या तोंडानं, असं आईला वाटतं. मला तिची कीव येते आणि रागही येतो, आणि दोन्ही एकदमच येतात.

काम करायला अवघड असलं तरी सांगायला सोपं आहे. समुद्रात एक पट्टा राखून ठेवायचा. तिथं कुणी जाळं टाकायचं नाही. आत मासे वाढतात, मोठे होतात, अंडी घालतात आणि फार झाले की पट्ट्याबाहेर सांडतात. बाहेर सांडलेले मग कोळ्यांनी खुशाल धरावेत. पट्टा केवढा असावा, कुठं असावा, लहान ठेवला तर मासे कसे संपतील आणि उगाच मोठा केला तर माणसांच्या पोटावर कसा पाय येईल, हे मी समीकरणांनी शोधते. याला सागरी परिसंस्थेचा सैद्धांतिक अभ्यास आणि मत्स्यव्यवस्थापन असं भारदस्त नाव आहे. ते ऐकलं की लोकांच्या डोळ्यांपुढं मी पाणबुडीत बसलेली दिसते. प्रत्यक्षात मी दिवसभर फळ्यापुढं उभी असते. होडीत बसले की मला उलटी होते, त्यामुळं ती हौस केव्हाच फिटली.

मासे माझ्या वाट्याला आले ते योगायोगानं. कोल्हापुरात गणितात पीएच.डी. करताना सजीवांची संख्या कशी वाढते आणि कशी घटते या समीकरणांवर मी अडले होते. कुठला प्राणी घ्यावा कळेना. मार्गदर्शक म्हणाले, "मासे घे. कागदावर निमूट पोहतात." घेतले. समुद्र तोवर शाळेच्या सहलीत एकदाच पाहिला होता. पदवी मिळाली, पण नोकरी काही मिळेना. मग कॉलेजात तासावर शिकवायचं आणि संध्याकाळी राजारामपुरीतल्या क्लासमध्ये बारावीच्या पोरांकडून इंटिग्रेशन घोटून घ्यायचं, अशी काही वर्षं गेली. तोवर माग विकून आई-अण्णाही राजारामपुरीत फ्लॅट घेऊन राहायला आले होते. अण्णा म्हणजे माझे वडील. खाली दातांचा दवाखाना, वर कोचिंग क्लास, आणि मधल्या मजल्यावर आम्ही.

घाट उतरून समुद्राकाठच्या एका विद्यापीठात एका प्रकल्पापुरती संशोधकाची जागा निघाली. मुलाखतीत मी बोलता बोलता फळा संपवला आणि खडूही संपवला. निवड झाली. घरी सांगितलं. अण्णांनी एकच विचारलं.

"जीव मारायला लागत्यात का त्यात?"

"नाही अण्णा. मी नुसतं गणित मांडते."

"पण मारणारे मारत्यात न्हवं?"

"ते मारतातच. मी सांगते की एवढेच, याच्या पुढं नाही."

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. विचार करायचा असला की ते तसं करतात. मग म्हणाले, "म्हंजी तू त्यास्नी नियम देतीस की."

आमच्याकडं नियम ही मोठी गोष्ट आहे. चातुर्मासात मुनिमहाराज गावात मुक्कामाला असले की लोक त्यांच्यापुढं नारळ ठेवून नियम घेतात. कुणी पालेभाजी सोडतं, कुणी गोड सोडतं, कुणी आयुष्यभरासाठी रात्रीचं पाणी सोडतं. एकदा घेतला की सुटका नाही. माझ्या कामाला अण्णांनी नियम म्हटलं तेव्हा मला फार बरं वाटलं. आईच्या चेहऱ्यावरही जरा उजेड पडला. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "जा तू बिनघोर. पण मी काय तिकडं येणार न्हाय. मला रेघ हाय."

ही रेघ मला माहीत होती, पण आपल्या आड येईल असं कधी वाटलं नव्हतं. आमच्यात दिग्व्रत नावाचा एक नियम असतो. माणूस दाही दिशांना आपल्या जाण्यायेण्याची हद्द ठरवतो आणि मरेपर्यंत ती ओलांडत नाही. जितकं कमी हिंडाल तितकी हाव कमी आणि तितकी हिंसा कमी, असा त्यामागचा विचार. मी शाळेत असताना अण्णांनी ते घेतलं होतं. हद्द ठरवताना ते मोठे हिशेबी वागले. उत्तरेला आणि पूर्वेला लांबवर मोकळं सोडलं, कारण शिखरजीची यात्रा करायची होती. दक्षिणेला श्रवणबेळगोळच्या पुढं थोडं. विमानात बसावं लागलं तर म्हणून वरचीही दिशा जरा सैल ठेवली. राहिली पश्चिम. पश्चिमेला आमचं एकही तीर्थ नाही, सूत घेणारा व्यापारी नाही, सोयरा नाही. "तिकडं काय हाय? घाट," असं म्हणून त्यांनी घाटाच्या माथ्यावर रेघ ओढली आणि नारळ ठेवून मोकळे झाले. मागवाल्या जैन माणसाची मुलगी एक दिवस नेमकी त्याच बाजूला जाऊन राहील, हे कुणाच्या स्वप्नात तरी येणार होतं का?

मी गेले. तिथं घर शोधताना दलालानं मला समुद्र दिसणारे दोन फ्लॅट दाखवले. मी विचारलं, विहीर असलेलं घर आहे का? तो चमकला. अण्णा विहिरीचं, शेंदून गाळलेलं पाणीच पितात, म्हणून मी विहीर शोधत होते. येणार नाहीत हे ठाऊक असूनही. शेवटी नारळाच्या बागेत एक कौलारू घर मिळालं. मागं विहीर, पुढं पूर्वेकडं तोंड असलेली ओटी. सकाळी अण्णा इथं बसून जाप करतील, असं मनाशी धरूनच मी ते घेतलं. विद्यापीठातले लोक म्हणाले, एवढं लांब कशाला? मी म्हटलं, शांतता हवी. आता त्यांना काय सांगणार?

काम मात्र मन लावून केलं. आमच्या गटातले सगळे मासे खाणारे. डबे उघडले की मी माझा डबा घेऊन खिडकीशी जायची. कोळ्यांच्या बैठकांना आम्ही जायचो तेव्हा कुणीतरी हटकून विचारायचं, "ताई, मासे खाता ना?" मी नाही म्हटलं की हशा पिकायचा. एकदा एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, म्हणाले, "मग बरं. तुमचं पोट यात नाही. तुम्ही सांगाल ते जरा तरी खरं असेल." पुढच्या बैठकीपासून मला चहा आधी यायला लागला. "मी जातो, मी येतो" असं आमच्याकडच्या बायकांसारखं तोंडून गेलं की मात्र अजूनही हसतात.

दिवस कामात जायचा. संध्याकाळी वाळूत चालताना मन ऐकायचं नाही. ओहोटीला पाणी मागं जाई, ओल्या वाळूवर बारीक खेकडे पळत सुटत, आणि मला वाटायचं, हे अण्णांना दाखवायला पाहिजे होतं. पायाखाली जीव येईल म्हणून ते एक पाऊल टाकायला तयार झाले नसते, तरीही. लाटेचा आवाज ऐकून काय म्हणाले असते? कुठल्या मागाचा आवाज म्हणाले असते? मला त्यांची फार आठवण यायची. माणूस परदेशात असता तर समजूत घातली असती. हे तर बसनं चार तासांवर होते आणि येऊ शकत नव्हते.

मग तोडगा निघाला, तो अण्णांनीच काढला. महिन्यातून एका रविवारी ते कोल्हापुराहून राधानगरीमार्गे एसटीनं घाटाच्या माथ्यावर यायचे आणि मी खालून चढून जायची. तिथं रस्त्याकडेला एक मैलाचा दगड आहे आणि अलीकडं एक चहाची टपरी. दगड ही अण्णांची रेघ. ते टपरीच्या बाकावर बसायचे. टपरीवाल्याच्या चहाला कधी हात लावला नाही, घरचं गाळलेलं पाणी आणि थर्मास बरोबर. टपरीवाल्याला पहिल्यांदा हे कोडंच पडलं. "पावणं, पोरगी खाली, तुमी वर. भांडाण हाय व्हय?" अण्णांनी मागवाल्याच्या आवाजात ओरडून सगळं दिग्व्रत समजावलं. पलीकडं थांबलेल्या ट्रकवाल्यांनाही ते समजलं असावं.

आईनं दिलेली भाकरी, मुगाची आमटी आणि शेंगाची चटणी आम्ही तिथं खायचो. दिवस उतरायच्या आत दोघं दोन दिशांच्या बस पकडायचो. स्वच्छ दिवशी माथ्यावरून समुद्र चमकताना दिसतो असं टपरीवाला सांगायचा. मला कधी दिसला नाही. अण्णांनी बघायचा प्रयत्नही केला नाही. ते दगडाकडं पाठ करून बसायचे आणि माझ्या कामाचं विचारायचे.

"तू पाण्यात रेघ वडतीस ती माशास्नी कळती व्हय?"

"नाही कळत."

"मग उपेग काय?"

"माणसांना कळली की पुरे."

"माणसास्नी कळती," अण्णा म्हणाले, "पाळायचं अवघड जातंय."

एकदा मी त्यांच्यासाठी काचेच्या बाटलीत समुद्राचं पाणी भरून नेलं. तुम्ही येत नाही तर तोच आणलाय, म्हटलं. मोठ्या दिमाखात सांगितलं की या एवढ्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव आहेत, सगळ्या समुद्राचं पोट त्यांच्यावर चालतं. अण्णांनी बाटली उन्हात धरली आणि खूप वेळ बघत राहिले. मग पदर सावरावा तसं उपरणं सावरून त्यांनी ती हळूच माझ्या हातात परत दिली. "जितनं आणलीस तितंच नेऊन सोड. आजच्या आज." लहानपणी पाणी गाळलं की फडक्यावर राहिलेलं सगळं मी त्याच विहिरीत परत सोडायची. दुसऱ्या विहिरीत चालायचं नाही, त्यातले जीव मरतात. हे सगळं माझ्या अंगात मुरलेलं होतं आणि मी ते साफ विसरले होते. त्या दिवशी बाटली मांडीवर धरून मी घाट उतरले आणि घरी जायच्या आधी पाणी समुद्रात सोडून आले.

आई एकदा माझ्याकडं राहून गेली. तिला कसली रेघ नव्हती. आठवडाभर नाकाला पदर लावून वावरली आणि माशांचा वास घालवायला तिनं घरातला सगळा हिंग संपवला. परत गेल्यावर फोनवर म्हणाली, "तुझ्या अण्णांनी काय इचारलं म्हाईत हाय? हिरीचं पाणी गोड हाय का म्हणं. बाकी काय सुदिक इचारलं न्हाय." मला वाईट वाटलं. आठवडाभराच्या मुक्कामात एवढंच विचारण्यासारखं होतं का?

यंदा उन्हाळ्यात मला तिथंच कायमची नेमणूक मिळाली. आनंदापेक्षा धसका जास्त बसला. प्रकल्प संपला की परत कोल्हापूरला जाऊ, अशी एक वाट मनात उघडी होती, ती आता बंद झाली. आई-अण्णा थकत चाललेत, अण्णांचे तर गुडघे दुखतात. त्यांनी माझ्याजवळ येऊन राहावं, एवढंच मला हवं होतं. दुसरं काहीच नको होतं. पुढच्या रविवारी माथ्यावर गेले ती पूर्ण तयारीनं. गणितवाली आहे, पळवाट शोधून काढली होती.

"अण्णा, दक्षिणेला तुमची हद्द लांब आहे. श्रवणबेळगोळ तुमचं होऊन गेलंय. तिकडची हद्द जवळ घ्या आणि तेवढंच क्षेत्र पश्चिमेला वाढवा. एकूण तेवढंच राहतं. हाव वाढली कुठं?"

अण्णा खो खो हसले. "लई शाणी हाईस. पण तुझ्या आदी शाणी माणसं हून गेल्यात. एकीकडची काढून दुसरीकडं जोडायची न्हाई, ह्यो दोष हाय म्हणून आदीच लिवून ठेवलंय." मला हसू आलं नाही. आमच्या बैठकीतही एखादा कोळी अगदी हेच मागतो. इकडचा पट्टा घ्या, पण तिकडचा सोडा. आणि मी नाही म्हणते. त्या दिवशी मात्र मी चिडले. म्हटलं, "नियम तुमचा, सोसायचं आम्ही." डबा न उघडताच मी खालच्या बसमध्ये चढले. बस हलल्यावर राग जरा उतरला, खिडकीतून हात केला. अण्णा दगडाजवळ उभे होते.

मग पावसाळा आला. घाटात दरड कोसळली, रस्ता बंद झाला, भेटी थांबल्या. खाली होड्या किनाऱ्यावर ओढून झाकल्या गेल्या. फोनवर अण्णा हवापाण्याचं बोलायचे. श्रावणात रस्ता सुरू झाला तशी मी थेट राजारामपुरी गाठली. आईनं दारातच सांगितलं, "तुझ्या अण्णांनी म्हाराजांकडं जाऊन रेघ आनि अलीकडं घेतलीया."

"कुठपर्यंत?"

"पश्चिमेला रंकाळा."

मला काही सुधरेना. घाटाचा माथाही गेला. शहराच्या कडेचं तळं ही आता त्यांची शेवटची जागा. वाढवायला परवानगी नाही आणि आवळायला मात्र कुणाचीच हरकत नाही! मी चप्पल न काढताच आत गेले. अण्णा खिडकीशी बसले होते.

"माझी नोकरी पक्की झाली तेव्हाच सुचलं का हे? महिन्याची एक भेट होती, तीसुद्धा बघवली नाही?"

अण्णांनी मला ओरडू दिलं. माझं संपल्यावर टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"त्या दिशी तू बसमदनं हात केलास. बस वळणाआड गेली. मी आपला बघत बघत चालाय लागलो. टपरीवाल्यानं हाक मारली, पावणं, पायी कुठं निघालाय? तवा भानावर आलो. दगड कवाच मागं ऱ्हायला हुता. वळणाच्या बी पुढं गेलतो मी."

"मग? चुकून झालं. उपास करायचा, झालं."

"चुकून असतं तर केलाच असता. हाक आल्यावर बी माघारी फिराय मन हुईना. तसंच खाली यावं, तुझ्या घरापतोर यावं, हिरीचं पाणी प्यावं, असं वाटाय लागलं." त्यांनी टोपी गुडघ्यावरून उचलून हातात घेतली. "दरखेपी वाटायचं. म्हणून तर समुद्राकडं पाठ करून बसायचो. आता झेपंना. म्हाराजांस्नी म्हणलं, मला माथ्यावर ठिवू नगासा."

मी खाली बसले. अण्णांना यायचंच नाही, नियम हा नुसता आडोसा आहे, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते आणि त्या रागावरच दिवस काढले होते. आता रागवायला काही उरलं नव्हतं. आईनं आतून ताटं आणली, दिवस अजून होता. आम्ही तिघं जेवायला बसलो. दुखऱ्या गुडघ्यांचे अण्णा माझ्या घराकडं पायी चालत निघाले होते, आणि मी बसमध्ये बसून समोरचा रस्ता बघत होते.